खारीएवढं निशाण: बांबूचं धनुष्य, बोथट बाण आणि आंब्याचं झाड

पारंपरिक धनुष्याने झाडावरची खार टिपणं हा अमेरिकेत हिवाळ्याआधीचा जुना छंद आहे. तिथली करडी खार आणि तिच्याहून थोराड तांबूस खार, दोन्हींचे शिकारीचे महिने ठरलेले असतात, परवाना लागतो, आणि अनुभवी माणसं टोकदार नव्हे तर बोथट बाण वापरतात. मोठं जनावर मारण्यापेक्षा हे अवघड. निशाण वीतभर, वर, पानांआड, आणि अंतर कुणी सांगत नाही.

बेळगाव-खानापूर भागात जिवंत खारीवर हे करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन घातलेला आहे, आणि ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे, मारण्याचा प्रयत्नसुद्धा. बाण चुकला म्हणून सुटका नाही. शेकरू ही मोठी खार या कायद्याने संरक्षित आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचं आहे, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरताच येत नाही. धनुष्य गाडीच्या डिकीत ठेवून ‘आम्ही फक्त जाऊन येणार होतो’ हे ऐकून घेतलं जात नाही. कौलांवर पळणारी पट्टेरी खारही आपल्या हिशेबात नाहीच.

पण ती सगळी कला कापडी खारीवर जशीच्या तशी शिकता येते. त्यासाठी लागतं एक बांबूचं धनुष्य, सहा बोथट बाण, मागे बांध किंवा टेकाड असलेलं एखादं आंब्याचं झाड आणि मळ्याच्या मालकाची परवानगी. भाताची सुगी आटोपली की डिसेंबर ते मार्च शिवार मोकळं असतं; सुरुवात तेव्हाच करा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे बांबू ओला राहतो नि बाण गवतात हरवतात.

बांबू निवडणं

धनुष्यासाठी बुरुडाकडून किंवा खाजगी मळ्यातून बांबू घ्या. जंगलातून तोडून आणू नका. किमान तीन वर्षांचा, सुमारे तीन इंच व्यासाचा आणि भिंत १० मिलिमीटरच्या आसपास जाड असलेला हवा. कोवळा बांबू हिरवागार, गुळगुळीत दिसतो, कांड्यांवर पांढरट भुकटी असते. तो वाकतो पण परत सरळ होत नाही. पक्क्यावर डाग असतात, टिचकी मारली की खणखणतो.

अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू किडत नाही असं जुनी माणसं म्हणतात. पक्षाचं काहीही असो, मोसमाचं खरं आहे: थंडीत बांबूमधली पिठूळ साखर कमी असते, आणि भुंगा त्यावरच जगतो. शंका असेल तर चिरलेल्या कामट्या दोन-तीन आठवडे विहिरीच्या किंवा वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत दोन महिने वाळवा. उन्हात टाकलात तर सालीकडून तडकतात. घाई बहुतेक इथेच नडते.

धनुष्य घडवणं

दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा नि अडीचने भागा. ही तुमची खेच, म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. ६६ इंच आलं तर खेच साधारण साडेसव्वीस इंच. अशा माणसाला ६४ ते ६६ इंचांचं धनुष्य लागतं. आखूड धनुष्य सुटसुटीत वाटतं, पण एकाच कामटीचा बांबू तेवढा वाकताना पोटाकडून चुरतो.

दीड इंच रुंद कामटी चिरा. सालीकडची बाजू ही धनुष्याची पाठ, ती निशाणाकडे असते आणि तिला सुरी, पॉलिशपेपर, काही लावायचं नाही. बांबूची ताण सोसायची ताकद त्या सालीतच आहे. साल खरवडून गुळगुळीत केलेलं धनुष्य दिसायला छान आणि आठवड्यात तुटायला तयार. तासायचं ते पोट, म्हणजे आतली बाजू. गाठींच्या आतले पडदे काढा, पण गाठीपाशी एक-दोन मिलिमीटर जाडी राहू द्या. मध्ये १२ सेंटीमीटर मूठ, तिथली पूर्ण रुंदी नि जाडी ठेवायची. तिथून टोकांकडे रुंदी दीड इंचावरून अर्ध्या इंचावर आणा, जाडीही हळूहळू उतरवा. टोकापासून एक इंचावर दोन्ही कडांना तिरक्या खाचा पाडा, दोरीच्या जाडीएवढ्याच. पाठीवर खाच जाऊ द्यायची नाही.

आता खरं काम. भिंतीत खुंटी ठोकून धनुष्य मुठीवर आडवं ठेवा, ढिली दोरी लावा, दोरीला लटकता वजनकाटा अडकवा आणि खाली ओढून दोन पावलं मागे उभं राहून बघा. धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे भाग, सारखे वाकतात का? जो हात ताठ, त्याचंच पोट खरवडायचं, तेही काचेच्या तुकड्याने दहा-बारा वेळा, आणि दर खेपेला धनुष्य वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढून मगच पुन्हा बघायचं. बांबूला बदल लगेच दिसत नाही. न ओढता खरवडत राहिलं की अचानक एक हात मऊ पडतो आणि मग दुसराही तेवढाच मऊ करण्यापलीकडे उपाय उरत नाही. एखाद्या जागी कोपरा पडल्यासारखा वाकत असेल तर तिथे हात लावू नका, आजूबाजूचं खरवडा. वरचा हात खालच्यापेक्षा किंचित मऊ हवा: दोरी चढवल्यावर हाताच्या मुळापासून दोरीचं अंतर वर तीन ते सहा मिलिमीटर जास्त भरलं की बरोबर.

पूर्ण खेचेवर काटा साडेबारा किलो दाखवत असेल तर ते साधारण २७-२८ पौंड. नवख्या मोठ्या माणसाला २५ ते ३० पौंड पुष्कळ. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला १५ ते २०. गावात चाळीस पौंडाच्या गोष्टी फार चालतात. कसोटी सोपी आहे: धनुष्य पूर्ण ओढून दहा सेकंद धरा, सोडून परत ओढा, असं दहा वेळा. हात थरथरला तर ते तुमचं धनुष्य नव्हे. काटा दहा किलोच्या खाली राहिला तर पोटाकडून दुसरी, दोन तृतीयांश लांबीची कामटी लावा आणि दर चार इंचांवर नायलॉनच्या दोऱ्याने आवळून बांधा. मूळचं तासलेलं परत चिकटत नसतं, हाच त्यावरचा इलाज.

दोरी

सुतळी नको, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरीही नको. नायलॉन ताणतो, तुमचं ओढलेलं बळ दोरीतच मुरतं. धनुर्विद्येचं साहित्य विकणाऱ्यांकडे डॅक्रॉनचा धागा मिळतो. त्याचा एक पदर सुमारे ५० पौंडाला तुटतो. तीस पौंडाच्या धनुष्याला दहा-बारा पदर पुरतात. दोरीची लांबी धनुष्यापेक्षा सुमारे तीन इंच कमी. चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत साडेसहा इंच अंतर यायला हवं. पट्टी नसेल तर मुठीवर मूठ ठेवून अंगठा उभा करा, अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं की ठीक. अंतर कमी असेल तर दोरीला पीळ द्या. मधमाशीचं मेण दर पंधरवड्याला, बोटांनी घासून गरम होईपर्यंत.

बाणाविना ओढलेली दोरी कधीच सोडू नका. बाण जे बळ घेऊन जातो ते मग धनुष्याच्याच हातांत परत येतं. मित्राच्या हातात धनुष्य दिलं की तो पहिल्यांदा हेच करतो, म्हणून देतानाच सांगा.

बाण: इथे वेळ घालवा

धनुष्य जरा वेडंवाकडं चालतं. बाण सारखे नसतील तर मात्र सगळी मेहनत पाण्यात, कारण चूक तुमची की बाणाची हे कधीच कळत नाही.

बारीक बांबूच्या आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या वीस काड्या वाळवा. त्यातल्या सहा-सात कामाला येतील. निखाऱ्यावर धरून गाठीपाशी गरम करा, हाताला चटका बसेल इतपत, आणि कापडात धरून वाकाच्या उलट दाबून थंड होईपर्यंत तसंच ठेवा. ज्वाळेवर धरलं की करपतं. लांबी खेचेपेक्षा दोन इंच जास्त. मुळाकडचं जाड टोक पुढे. मागची खाच अशा जागी पाडा की तिच्या एक सेंटीमीटर पुढे गाठ असेल. गाठ नसेल तर दोरी बाण उभा चिरते. वरून दोऱ्याचे आठ-दहा वेढे आणि फेव्हिकॉल.

ताठपणा मोजायची जुनी रीत घरी जमते. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर काडी ठेवा, मधोमध ९०० ग्रॅम वजन टांगा आणि काडी किती खाली गेली ते बघा. २८ पौंडाच्या धनुष्याला २२ ते २६ मिलिमीटर बरोबर. ज्या सहा काड्या एकमेकींपासून दोन मिलिमीटरच्या आत वाकतात त्या एका जुडीत ठेवा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, लवचीक उजवीकडे. सगळेच बाण डावीकडे जात असतील तर पुढचं वजन थोडं वाढवा, नेम बदलू नका.

वजनाचा हिशेब: दर पौंडामागे किमान अर्धा ग्रॅम. २८ पौंडाला १४ ग्रॅमच्या खाली अजिबात नाही. बोथट टोकासह २५ ग्रॅमपर्यंत असावा. हलका बाण लांब जातो म्हणून आवडतो, पण तो धनुष्यावर रिकाम्या दोरीसारखाच आघात करतो.

बोथट टोकासाठी स्टुलाच्या पायाला लावतात ती लहान रबरी बुचं उत्तम, आतला व्यास काडीला घट्ट बसणारा घ्या आणि आत गोंद. रबराने खोडाला जखम होत नाही, बाण फांदीत रुतून बसत नाही. मात्र तो उलटा उसळतो. सात-आठ मीटरवरून टणक खोडावर लागलेला रबरी बाण सरळ तुमच्या पायाशी येतो, कधी त्याच्याही वर. डोळ्याला चष्मा लावा आणि आठ मीटरच्या आतून झाडावर सोडू नका.

पिसं टर्की किंवा बदकाची, पाळणाऱ्यांकडून मागून घ्या. कोंबडीचं पीस मऊ, पावसाच्या एका शिंतोड्यात बसतं. एका बाणाला सगळी पिसं एकाच पंखाची हवीत. डावं-उजवं मिसळलं तर बाण नीट फिरत नाही. चार इंची तीन पिसं नेहमीच्या बाणाला. झाडावर सोडायच्या बाणाला मात्र वेगळी बांधणी करतात, तिला ‘फ्लू-फ्लू’ म्हणतात: पिसं कापून बसकी न करता पूर्ण उंचीची चार लावायची, किंवा एक लांब पीस नागमोडी गुंडाळायचं. पहिले वीसेक मीटर हा बाण नेहमीसारखा जातो, मग हवा त्याला धरते आणि तो जवळच पडतो. साधा बाण तिरका वर सोडला तर शंभर मीटरच्या पलीकडे जाऊन कुणाच्या उसात किंवा कुणाच्या पाठीवर पडेल ते सांगता येत नाही. म्हणून वरच्या निशाणाला फ्लू-फ्लूच, यात सूट नाही.

मुठीवरून बाण सुटताना पिसाचं पुढचं टोक हात कापतं. पिसाच्या त्या टोकावर दोरा गुंडाळून गोंद लावा. बोटांसाठी आणि मनगटासाठी चामडं निपाणी-अथणीकडे कोल्हापुरी चपला बनवणाऱ्यांकडे तुकड्यांत मिळतं. दोन मिलिमीटर जाडीचं घ्या.

तीन खारी

*पट्टेरी खार.* धड १४ सेंटीमीटर, रुंदी पाच-सहा. जुन्या मोज्यात चिंध्या नि पिंजर ठासून भरा, शेपटीला सुतळीचा झुपका. ती खोडाला उभी चिकटलेली, डोकं खाली, अशी बांधा. उंची दोन-तीन मीटर.

*शेकरू.* धड ३५ ते ४० सेंटीमीटर, शेपूट त्याहून लांब. गोणपाटाची पिशवी शिवून पिंजर भरा, पोटात जुन्या हवाई चपलेचे तुकडे घाला म्हणजे फांदीवर बसल्यासारखं वजन येतं. खरं शेकरू उंच शेंड्यावरच्या फांद्यांतून फिरतं. आपल्याला सहा मीटर पुरे. झाडावर चढू नका: दगड बांधलेली सुतळी फांदीवरून फेका, तिने दोरी ओढून घ्या, निशाण वर चढवा आणि दोरीचं टोक खाली बुंध्याला बांधा. बाण अडकला की निशाणच खाली येतं.

*उडती खार.* ही रात्रीची, पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगत जाते. हलत्या निशाणाला तिचाच आकार घ्या: ४० सेंटीमीटरचा चौकोनी पुठ्ठा, दोन्ही बाजूंना पोतं. एका झाडावर पाच मीटर आणि बारा मीटर दूरच्या दुसऱ्यावर दीड मीटर उंचीवर दोरी ताणा, पुठ्ठा लोखंडी कडीने अडकवा, वरून सोडायला एक माणूस झाडामागे उभा राहील. त्याने ‘सोडलं’ म्हटल्याशिवाय बाण दोरीला लावायचाही नाही. दोन महिने सराव झाल्याशिवाय हे निशाण उभारू नका. सुरुवातीला सगळे तिच्या मागेच मारतात. नाकाच्या हातभर पुढे बघा.

निशाणामागे काय आहे हे निशाणापेक्षा आधी बघायचं. टेकाडाचा चढ, मोठा बांध किंवा पिंजराची गंजी. वाट, पाणंद, गोठा, घर असेल तर ते झाड सोडून द्या. आणि बाण सोडण्याआधी फांद्यांकडे नजर टाका: खरी खार, पाखराचं घरटं दिसलं तर त्या दिवशी दुसरं झाड.

वर बघून नेम धरताना

पहिला आठवडा निशाणच नको. तीन मीटरवर गंजी, डोळे बंद, रोज तीस बाण. लक्ष फक्त एवढ्यावर: ओढलेला हात दर वेळी गालावर त्याच जागी येतो का, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकतं का. दुसरा आठवडा आठ मीटर, हाताच्या पंजाएवढं कापड. मग दहा मीटरवर पट्टेरी खार, छातीच्या उंचीवर. सहापैकी चार लागू लागले की तिला झाडावर चढवा.

इथे बहुतेकांचे बाण वरून जातात, त्याची दोन कारणं. पहिलं शरीराचं: माणूस नुसता डावा हात उचलतो, खांदे तिरके होतात, खेच इंच-दोन इंच बदलते आणि गालावरची जागा सुटते. आधी जमिनीला समांतर पूर्ण ओढा, मग कमरेतून मागे कला. हात, खांदे यांचा काटकोन तसाच राहिला पाहिजे. दुसरं कारण अंतराचं. बाण पडतो तो आडव्या अंतराच्या हिशेबाने. निशाण डोळ्यापासून १५ मीटरवर, पण ४५ अंश वर असेल तर आडवं अंतर साडेदहा मीटरच आहे. म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि तेवढ्याचाच नेम धरा.

अंतर इतकं का महत्त्वाचं, ते आकड्यांत बघा. आपला बाण सेकंदाला साधारण ४० मीटर जातो. दहा मीटरवर तो सुटलेल्या रेषेपेक्षा ३० सेंटीमीटर खाली येतो, पंधरावर ७०, वीसवर सव्वा मीटर. चौदा मीटरचं अंतर तुम्ही सोळा समजलात तर बाण साधारण नऊ सेंटीमीटर वर जाईल, आणि खोडाला चिकटलेली खार १४ सेंटीमीटरची, म्हणजे मधोमध नेम धरला तर वर सातच सेंटीमीटर आहे. नेम बरोबर, हात बरोबर, तरी चुकला. मोठ्या पुठ्ठ्यावर ही चूक लपते. म्हणून शिवारात चालताना सवय लावा: पुढचा खांब, पुढची मेर किती पावलं, आधी बोला आणि मग मोजा. महिनाभरात वीस पावलांच्या आत एकाच पावलाची चूक राहते.

बाण कधी वर, कधी खाली अशी विखुरण होत असेल तर सोडताना हात पुढे सरकतोय. शेवटच्या क्षणी खेच कमी होते. डावीकडे-उजवीकडे विखुरत असतील तर बोटं दोरी झटकून बाजूला काढताहेत. बोटं नुसती सैल करा, हात आपोआप मागे जाईल. दोरी मनगटावर लागत असेल तर कोपर बाहेर वळवा, आणि त्या दिवशीचा सराव थांबवा. लागलेल्या मनगटाला पुढचे वीस बाण दचकायची सवय लागते.

दिवसाला चाळीस बाणांच्या वर जाऊ नका, आठवड्यात एक दिवस सुट्टी. पहिल्या महिन्यात खांद्याच्या मागे दुखणं ठीक, सांध्यात टोचणं ठीक नाही. तेव्हा ओढीला दोन-तीन किलो हलकं धनुष्य घ्या.

ठेवणं आणि नेणं

सराव संपला की दोरी उतरवा. चढवलेलं राहिलेलं बांबूचं धनुष्य रात्रभरात वाकाची सवय घेतं. भिंतीला उभं टेकवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. जूनआधी जवसाचं तेल कापडाने दोन-तीनदा चोळा. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत राहिलेलं धनुष्य पुढच्या ओढीला पोटाकडे चुरचुर आवाज करतं. तो आवाज आला की तिथेच थांबा, ते आता तुळशीच्या कुंडीला आधार म्हणून चांगलं.

रस्त्याने नेताना दोरी उतरवलेली, धनुष्य कापडी पिशवीत, बाण वेगळ्या नळीत. पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन झाकणं पुरतात. सीमाभागात जमावबंदीचा आदेश लागू असेल तेव्हा, मग तो १ नोव्हेंबरच्या, कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास असो की बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात, धनुष्य घरातून बाहेरच काढू नका. त्या दिवसांत बसून पुढच्या काड्या निखाऱ्यावर सरळ करा. सहा चांगल्या बाणांतले दोन तरी तोवर हरवलेले असतातच.